पोरगी म्हणते देशाची आयात-निर्यात मोजणार, पण त्यात नोकरी कुठंय?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, मुलगी नाशिकला टीवाय बीएससी स्टॅटिस्टिक्सला, आणि ती म्हणते मला देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे जिथं तयार होतात तिथं काम करायचंय. घरात कुणालाच कळेना ही कसली नोकरी, म्हणून तुम्ही एका क्लासचा सहा महिन्यांचा एक्स्पोर्ट-इम्पोर्ट डिप्लोमा शोधून काढलात, फी दीड लाख, आणि विचारताय की भरू का.

नका भरू. क्लास चांगला की वाईट हा प्रश्नच नाहीये, तो शिकवतो माल परदेशी पाठवायला आणि तुमच्या मुलीला मोजायचाय पाठवलेला माल, ही दोन वेगळी कामं आहेत. गंमत म्हणजे मोजण्याच्या कामाची सुरुवात तुमच्या बांधावरूनच होते, म्हणून तिथूनच सांगते.

तुमची द्राक्षं पॅकहाऊसला जातात, प्लॉट अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, रजिस्टर असतो, हे तुम्हाला माहितीच आहे. कंटेनर भरला की एक्स्पोर्टरचा सीएचए (कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट) ऑनलाइन शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा फॉर्म, टाकतो. त्यात काय असतं? मालाचा आठ आकडी एचएस कोड, म्हणजे माल कुठला ते सांगणारा ठरलेला नंबर (ताज्या द्राक्षांचा ०८०६१०००), वजन, किंमत, कुठल्या बंदरातून जाणार, कुठल्या देशात जाणार. न्हावा शेवाला कस्टम्सने हिरवा कंदील दिला की हीच माहिती पुढे कोलकात्याला जाते, तिथं वाणिज्य मंत्रालयाचं डीजीसीआय अँड एस नावाचं ऑफिस आहे, देशभरातल्या बंदरांची, विमानतळांची, सेझची (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रांची) कागदं तिथं एकत्र होतात आणि साधारण दर महिन्याच्या पंधरा तारखेला टीव्हीवर ‘निर्यात इतकी, तूट (आयात निर्यातीपेक्षा किती जास्त ती) इतकी’ म्हणून जी बातमी येते ती यातूनच. म्हणजे पिंपळगावच्या एखाद्या ऑफिसात कुणीतरी घाईघाईत चुकीचा कोड टाकला तर तो चुकीचा आकडा थेट दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या मुलीला जे काम आवडतंय असं वाटतंय, ते हे, आकड्यामागचा कागद ओळखायचं.

आता बघा, आपल्या आकड्यांत भारतीय द्राक्षांचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणून नेदरलँड्स दिसतो. एवढासा देश, एवढी द्राक्षं खातो का? नाही हो. रॉटरडॅम बंदरात उतरतात आणि तिथून ट्रकने पुढे जर्मनीला, इकडेतिकडे जातात, पण शिपिंग बिलावर नेदरलँड्स लिहिलेलं असतं. आणखी एक, आपण निर्यातीची किंमत धरतो एफओबी, म्हणजे बोटीवर चढेपर्यंतची, आणि आयातीची धरतो सीआयएफ, म्हणजे विमा-भाडं धरून. तिकडचा देशही तेच करतो, त्यामुळे एकाच कंटेनरची किंमत आपल्या वहीत कमी आणि त्यांच्या वहीत जास्त लागते, दोघंही खरं बोलत असूनसुद्धा. चीनचा भारताला निर्यातीचा आकडा आणि आपला चीनकडून आयातीचा आकडा जुळत नाही, त्यावर पेपरात मधूनमधून आरडाओरडा होतो, त्यातल्या काही फरकाची कारणं मोजण्याच्या पद्धतीतच असतात, घोटाळा प्रत्येक वेळी नसतो. (कधीकधी असतोही, बिल कमी दाखवणारे काय कमी आहेत का.)

मालाचं तरी बरं, तो दिसतो, वजन करता येतं. खरी डोकेदुखी सेवांची आहे आणि माझ्या मते मुलीने लक्ष तिकडेच द्यावं. २०२४-२५ मध्ये भारताची मालाची निर्यात साधारण ४३७ अब्ज डॉलर आणि सेवांची साधारण ३८७ अब्ज, म्हणजे जवळजवळ निम्मी निर्यात अशी आहे जी कुठल्याच बंदरातून गेली नाही, कुणी तिचा कंटेनर बघितला नाही. मग मोजतात कशी? बँकेतून. परदेशातून पैसे आले किंवा गेले की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा नंबर, लावते आणि ते सगळं रिझर्व्ह बँकेकडे जातं. तुमच्या ओळखीत कुणी पोरगा घरी बसून अमेरिकन क्लायंटचं सॉफ्टवेअरचं काम करत असेल तर विचारा, त्याला पी०८०२ हा कोड पाठ असेल. तेच दुबईहून भाऊ घरखर्चाला पैसे पाठवतो तर कोड पी१३०१, ती निर्यात नाहीच, ती वेगळ्या खात्यात जाते. दोन्हीकडे डॉलरच आले, पण एकात काम विकलंय आणि दुसऱ्यात नाही.

आणि समजा तुमच्या भावकीतली एखादी पोरगी जर्मनीला एमएस करायला गेलीय, वडील इथून फी आणि राहण्याखाण्याचा खर्च पाठवतात, तर ती भारताची सेवांची आयात! दोन वर्षं तिथं राहिली तरी हिशेबात ती भारताचीच रहिवासी, कारण वर्षभर किंवा जास्त राहिलं की माणूस तिकडचा रहिवासी धरतात, पण विद्यार्थ्यांना आणि उपचाराला गेलेल्यांना हा नियम लागत नाही. शिक्षण संपवून तिथंच नोकरीला लागली की हिशेब उलटतो. तुमच्या द्राक्षांचंही तसंच, माल गेला ती निर्यात, पण परदेशी शिपिंग लाइनला भाडं आपण दिलं असेल तर ती सेवांची आयात, एकाच कंटेनरची दोन पानांवर नोंद. मला तर यात मजा येते, तुमच्या मुलीलाही येत असणार, नाहीतर तिने हे खूळ घेतलंच नसतं.

तुम्ही लिहिलंय की ‘सरकारचा आणि रिझर्व्ह बँकेचा तुटीचा आकडा वेगळा येतो, मग खरा कुठला’. दोन्ही खरे. कोलकात्याचं ऑफिस बघतं माल सीमेवरून गेला का, रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जो ताळेबंद काढते त्यात बघायचं असतं मालकी बदलली का, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियमपुस्तकात तसंच सांगितलंय. आणि पंधरा तारखेच्या बातमीत सेवांचा गेल्या महिन्याचा आकडा तर अंदाजच असतो, रिझर्व्ह बँकेचा पक्का आकडा मागून येतो.

चुकलं तर काय होतं तेही सांगते, म्हणजे या नोकरीचं वजन कळेल. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी जवळपास १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली, व्यापारी तूट विक्रमी, सगळीकडे बोंबाबोंब. जानेवारीत तोच आकडा कमी करून साधारण ९.८ अब्जावर आणला. पाच अब्ज डॉलरचं सोनं कागदावरच वाढलं होतं, सेझची माहिती एका सिस्टिममधून दुसरीत नेताना काही माल दोनदा मोजला गेला होता. अशी गडबड आकडा बाहेर पडायच्या आत पकडणारी माणसं लागतात, आणि ती डिप्लोमातून येत नाहीत.

आता रस्ता. पहिलं, तिला एमएससी स्टॅट करू द्या. पुणे विद्यापीठ आहे, मुंबई आहे, जॅमची, म्हणजे आयआयटींच्या एमएससी प्रवेशाची, परीक्षा चांगली गेली तर आयआयटी मुंबई, आणि खरंच हुशार असेल तर आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) एन्ट्रन्स देऊ दे. इकॉनॉमिक्सचा बेस कच्चा असेल तर तो बाजूने वाचून भरून निघतो, उलटं मात्र फार अवघड, इकॉनॉमिक्स करून नंतर स्टॅट शिकताना पोरांची दमछाक होते हे मी बघितलंय. दुसरं, यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, वय २१ ते ३०, बीएससीला स्टॅट विषय असला तरी बसता येतं, एमएससीची वाट बघायची गरज नाही. जागा थोड्या, दरवर्षी कमीजास्त होतात, तेव्हा फक्त त्याच्यावर आयुष्य लावू नका. तिसरं, रिझर्व्ह बँकेत डीएसआयएम नावाचा आकडेवारीचा विभाग आहे, ग्रेड बी ऑफिसर, त्याला मास्टर्स लागते, आणि वर सांगितलेल्या सेवांच्या आकड्यांचं काम तिथं चालतं, म्हणून माझा कल याच्याकडे जास्त. घरापासून मुंबई जवळ हाही एक फायदा, तुम्ही लिहिलं नाही पण आईला ती काळजी असणारच.

मधल्या काळात एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) सीजीएल परीक्षेतून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरची पोस्ट असते, तीही देत राहू दे. खासगीत बँकांच्या रिसर्च टीम, क्रिसिलसारख्या रेटिंग कंपन्या आहेत, तिथं आर किंवा पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषा येतात का हे पहिल्याच इंटरव्ह्यूत विचारतात, त्या फुकट शिकता येतात, दीड लाख लागत नाहीत.

एक काम मात्र याच सीझनला करा. तुमचा माल ज्या एक्स्पोर्टरकडे जातो त्याला सांगा पोरीला जानेवारी ते मार्च शनिवार-रविवार डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बसू दे, पगार नको, फक्त बघू दे. शिपिंग बिल, इन्व्हॉइस, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), बँकेकडून पैसे आल्याचा कागद, हे सगळं एकदा हाताखालून गेलं की पुढे इंटरव्ह्यूला बाकीची पोरं पुस्तकातलं सांगतील आणि ही टेबलावरचं सांगेल. परीक्षेच्या अभ्यासाचे दिवस सोडून हं, टीवायचे मार्क बिघडवू नका, पुढचे बरेच दरवाजे त्यावर आहेत.

आणि त्या क्लासला पाच हजार टोकन दिलंय म्हणता, तर पावती शोधून लेखी अर्ज द्या, फोनवर ‘बघतो’ म्हणतील. एमएससीच्या प्रवेश परीक्षांच्या फॉर्मच्या तारखा मुलीलाच वेबसाइटवरून काढायला सांगा आणि मला पाठवू दे, कुठला क्रम लावायचा ते तिच्याशी बोलून ठरवू.

तुमची,
ताई

ता.क. सीएचए व्हायचं असेल तर तो वेगळा आणि चांगला धंदा आहे, त्याची कस्टम्सची स्वतंत्र परीक्षा असते. तुमच्या धाकट्या मुलाबद्दल जे लिहिलंय त्यावरून त्याला तो जास्त शोभेल, त्याचं वेगळं पत्र टाका.