मज्जारज्जूच्या दुखापतीवर ठाणे जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याचे संशोधन करायचे असेल, तर विषय कोणता निवडावा?

आपण प्रबंधासाठी विषय विचारला आहे आणि रुग्णालयांच्या नोंदींवरून ‘शस्त्रक्रियेनंतर किती रुग्ण चालू लागले’ हे पाहावे का, असेही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: पाहू नये. ती आकडेवारी शल्यविशारद ठेवतातच, आणि कमरेखालची संवेदना कायमची गेलेल्या माणसाचे पुढे घरी काय होते, हे तिच्यातून कळत नाही. मी डॉक्टर नाही. एका रुग्णाचा थोरला भाऊ आहे, आणि अशी एक पाहणी आमच्या घरी येऊन गेलेली आहे.

धाकटा भाऊ ग्रिल बसवण्याचे काम करीत असे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका बांधकामावर परांचीची फळी सरकली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून पडला. डी-१२ चा, म्हणजे छातीच्या भागातला वरून बारावा आणि शेवटचा, मणका फुटला, रॉड व स्क्रू बसवले गेले, आणि ‘प्रकृती स्थिर’ असे लिहिलेला डिस्चार्जचा कागद घेऊन आम्ही त्याला कोपरखैरण्याला आणले. घर तळमजल्यावर, जिना चढायचा नाही, म्हणून नातेवाइकांनी नशीब म्हटले. मात्र बाथरूमचा दरवाजा चौकटीच्या आतून बावीस इंच, व्हीलचेअर बाजूच्या कड्यांसह पंचवीस, आणि उंबरठा चार बोटे उंच. म्हणून त्याला खुर्चीवरून प्लास्टिकच्या स्टुलावर घ्यायचे, उंबरठ्यापलीकडे दुसरे स्टूल लावायचे आणि काखेत हात घालून एकावरून दुसऱ्यावर ओढायचे, असा क्रम पडला. अशा ओढण्यात कातडी प्लास्टिकला धरून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. ज्याला तिथे काही जाणवतच नाही, तो ‘थांबा’ म्हणणार तरी कसा? बसण्याच्या हाडावर आधी एक लालसर चट्टा आला, बोटाने दाबला तरी पांढरा न पडणारा. पुढे त्याला रुपयाएवढे तोंड पडले, आणि ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने आत सळई घालून पाहिली तेव्हा ती तिरकी बोटभर आत गेली.

पाहणीसाठी आलेल्या बाई सौजन्याने वागल्या, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी लिहून घेतले: ‘बेडसोर: आहे, श्रेणी ३. घरात जिना: नाही. घर वावरण्यास योग्य: होय.’ मी टेप लावून दरवाजा मोजून दाखवला. त्यावर त्या म्हणाल्या की हा तुमच्या घरापुरता वैयक्तिक प्रश्न आहे, त्याला रकाना नाही, आणि माहिती तुलनायोग्य राहायला हवी.

आमच्या ओळीतली सगळी घरे एकाच नकाशावर बांधलेली आहेत. जो दरवाजा आमचा, तोच शेजाऱ्यांचा. मग तो वैयक्तिक कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, माणसाची कार्यक्षमता आणि अपंगत्व यांच्या वर्गीकरणात घर, साधने, माणसे आणि सेवा हे ‘पर्यावरणीय घटक’ म्हणून स्वतंत्रपणे मोजायला सांगितले आहेत. तेव्हा रकाना नसणे ही शास्त्राची अडचण नव्हती, प्रश्नावली करणाऱ्यांचा आळस होता. व्रण मोजायचा आणि तो ज्याने झाला ते मोजायचे नाही, याला मी सार्वजनिक आरोग्य म्हणणार नाही.

डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण व्रणांच्या आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. तुटलेला मज्जारज्जू जोडण्याची युक्ती गुटमन यांनाही सापडली नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा आणि रुग्णाला उठवून कामाला लावणे, यांवर त्यांनी माणसे जगवली. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवले की ठराविक वेळाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करताना सारे निर्जंतुकच हवे असे नाही, स्वच्छता पुरते. पण हात धुवायला नळापर्यंत जायला दुसऱ्याला हाक मारावी लागत असेल, तर माणूस पाणी पिणेच कमी करतो. माझा भाऊ संध्याकाळनंतर घोटभरही घेत नसे, आणि प्रश्नावलीत ‘मूत्रसंसर्ग: वारंवार’ एवढेच गेले.

तेव्हा विषय असा घ्यावा: घरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात व्रण, मूत्रसंसर्ग आणि मृत्यू, व त्यांचा घराच्या रचनेशी संबंध. स्वावलंबन मोजायला एस.सी.आय.एम. (स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर) ही मज्जारज्जूच्या रुग्णांसाठीची शंभर गुणांची मोजपट्टी आहे, तिच्यात मूत्राशय आणि संडासापर्यंतची हालचाल दोन्ही येतात. दरवाजे, उंबरठे आणि मदतीला असलेली माणसे यांचा तक्ता आपण स्वतः जोडावा. खर्चही विचारावा. रस्ते अपघातांसाठीची २०२५ ची केंद्राची विनारोकड योजना सात दिवस आणि दीड लाख रुपयांपर्यंतच आहे, आणि परांचीवरून पडलेल्याला तीही लागू नाही.

नमुन्याबद्दल थोडक्यात: फक्त फिजिओथेरपीला येणाऱ्यांना घेऊ नये, कारण जे दगावले आणि जे गावी परतले ते त्यांत नसतात. डिस्चार्जच्या नोंदवहीपासून सुरुवात करून प्रत्येकाचा माग काढावा. एअर बेड आणि व्हीलचेअर भाड्याने देणाऱ्या दुकानदारांनाही बरीच घरे ठाऊक असतात. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीची परवानगी आधी घ्यावी लागेल, हे आपणास ठाऊक असेलच.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. माझे सारे अनुभव डी-१२ च्या दुखापतीचे आहेत. मानेच्या दुखापतीत हात आणि श्वासही सापडतात, त्या रुग्णांचा हिशेब वेगळा ठेवावा. डी-६ किंवा त्यावरची इजा असलेल्या माणसाला मुलाखतीत अचानक ठणकणारे डोके आणि चेहऱ्यावर घाम आला, तर प्रश्न थांबवून त्याला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहावे आणि तरीही उतार पडला नाही तर त्वरित रुग्णालयात हलवावे. रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढल्याची ती खूण असू शकते, आणि पाहणीला जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच शिकवलेले असावे.