मॅनिकिनवर पास, वॉर्डात गोंधळ

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची परीक्षा आम्ही स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (पेशंटसारख्या यांत्रिक पुतळ्यावर) घेतो. चेकलिस्टवर बहुतेकींना भरघोस मार्क पडतात, पण वॉर्डात पेशंट बिघडला की त्याच मुली गोंधळतात. चुकतंय कुठे?
– नर्सिंग ट्यूटर, सांगली जिल्हा

उत्तर : आधी स्टेशनबाहेरचा (परीक्षेतल्या एका टप्प्याच्या जागेबाहेरचा) कागद वाचून पाहा. ‘रक्त चढवताना आलेली रिअ‍ॅक्शन हाताळा’ असं त्यावर लिहिलं असेल, तर निम्मा निर्णय तुम्हीच घेऊन टाकलात. मुलीला उरल्या पाठ केलेल्या पायऱ्या. त्याऐवजी एवढंच लिहा : ‘सर्जिकल वॉर्ड, बेड ४. रक्त सुरू होऊन दहा मिनिटं झाली. ड्युटी तुमच्याकडे आली आहे, पेशंट पाहा.’ वाचायला एक मिनिट, आत आठ मिनिटं.

पुढचं सगळं मॅनिकिन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या स्क्रिप्टवर. सुरुवातीला नाडी ८४, बीपी १२४/७८, ताप ९८.६. दुसऱ्या मिनिटाला पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय.’ चौथ्या मिनिटाला नाडी १२२, बीपी ९२/५६, ताप १०१.४. हे आकडे आणि वेळा प्रत्येकीला तंतोतंत सारख्या हव्यात. ऑपरेटर दया येऊन बीपी उशिरा पाडू लागला, तर प्रत्येकीचा पेपर वेगळा होतो. वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत ओस्की (ठरावीक स्टेशनांवर सगळ्यांची सारखीच घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा) मांडली, ती नेमका हा नशिबाचा भाग कमी करायला.

पिशवीत लाल खाद्यरंगाचं पाणी चालतं. लेबलवरच्या आयपी नंबरात (पेशंटच्या भरती क्रमांकात) मनगटपट्टीपेक्षा एक आकडा मुद्दाम वेगळा ठेवा. पिशवी पुन्हा ताडून पाहणारी कोण, हे तिथेच कळतं.

आता मार्क. पंधरा मुद्द्यांना सारखा एकेक मार्क असेल, तर धीर देणारी, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेणारी, डॉक्टरांना कळवणारी, पण रक्त चालूच ठेवणारी मुलगी चौदा मार्क घेऊन बाहेर पडते. म्हणून रक्त थांबवणं ही निर्णायक पायरी ठेवा : तक्रारीनंतर मिनिटभरात थांबवलं नाही, तर स्टेशन नापास. अशा पायऱ्या एक-दोनच हव्यात. नाहीतर सगळंच निर्णायक होऊन बसतं. त्यानंतर कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) न काढता नव्या सेटने (पिशवीपासून कॅन्युलापर्यंतच्या नळीने) नॉर्मल सलाइन जोडणं. जुन्याच सेटमधून सलाइन सोडलं, की नळीतलं रक्त पेशंटमध्येच जातं. ही चूक फार मुली करतात, आणि चेकलिस्टवर नुसतं ‘सलाइन सुरू केलं’ असेल तर ती सुटते. मग व्हायटल्स, ओळख पडताळणी, डॉक्टर व ब्लड बँकेला कळवणं, पिशवी सेटसकट परत पाठवणं, रक्त-लघवीचे नमुने, नोंद.

‘मी हात धुते’ असं नुसतं म्हटलं तर मार्क नाही. हात धुतलेच पाहिजेत.

एक्झामिनरने गप्प बसावं. ‘आणखी काही?’ हा प्रश्नसुद्धा इशारा ठरतो. चेकलिस्ट भरून झाल्यावर त्यांनी एकूण मत वेगळं नोंदवावं : नापास, काठावर, पास, उत्तम. ‘काठावर’ असलेल्या मुलींच्या चेकलिस्ट मार्कांची सरासरी ही पासाची रेषा धरता येते. मात्र बॅच लहान असेल आणि काठावर तीन-चारच मुली असतील, तर ती रेषा भरवशाची नाही. तेव्हा काठावरची मुलगी कोणत्या पायऱ्या करील, हे शिक्षकांनी परीक्षेआधी बसून ठरवावं.

प्रश्न : मॅनिकिनची मनगटाची नाडी लागली नाही म्हणून माझे मार्क गेले. पुरळ आहे का, हेही दिसत नाही. हा न्याय आहे का?
– विद्यार्थिनी, तिसरं वर्ष

उत्तर : नाही. काही मॅनिकिनमध्ये बीपी फार खाली गेलं, की मनगटाची नाडी मुद्दाम बंद होते. बोट फार जोरात दाबल्यामुळेही ती काहींत लागत नाही. म्हणून परीक्षेआधी दहा मिनिटं नाडी कुठे लागते, छातीचे आवाज कुठे ऐकू येतात, सुई कुठे टोचायची, हे सगळ्यांना हाताळू द्यायला हवं. मॅनिकिनला जे दाखवता येत नाही, ते तुम्ही तपासायला गेल्यावरच एक्झामिनरने कार्डावर द्यावं : ‘छातीवर लाल पुरळ.’ न पाहता मागितलं, तर कार्ड नाही. अशी सोय नसेल, तर तो मुद्दा चेकलिस्टमधून काढावा, अशी लेखी मागणी विभागप्रमुखांकडे करा.