कलमासमोरचा आकडा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. राज्यघटना वाचून झाली, मूलभूत हक्कांवरचे मोठे निकालही झाले, आता पुढे काय वाचू, असं विचारलंयस. उत्तर तुला आवडणार नाही. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक वाच. जाडजूड असतं, रटाळ असतं, पण वेबसाइटवर फुकट मिळतं.

अंदाजपत्रक म्हणजे सी.ए. लोकांचं काम, असं तुझ्या वर्गात मानतात. शिवाजीनगर कोर्टाच्या बाररूममध्येही फारसं वेगळं मत नाही. त्यामुळेच नागरी सुविधांच्या निम्म्या याचिका ‘निधी उपलब्ध नाही’ या एका वाक्यावर गारद होतात. समोरचा वकील ते वाक्य वाचतो आणि आपल्याकडे त्यावर विचारायला प्रश्नच नसतो.

घटनेचं कलम २६५ आणि २६६ एकदा शेजारी ठेवून वाच. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही, आणि कायद्याप्रमाणे असल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. विनियोजनाचा, म्हणजे तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारा, कायदा हाही कायदाच. फक्त त्यावर कुणी निबंध स्पर्धा घेत नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात खर्च ‘भारित’ आहे (मतदानाला न टाकायचा) की ‘दत्तमत’ (सभागृहाच्या मताने मंजूर होणारा), हे लिहिलेलं असतं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार भारित असतात. सभागृहात त्यावर चर्चा करता येते, मतदान घेता येत नाही. निकाल आवडला नाही म्हणून पगार अडवायची वाट घटनाकारांनी तिथे बंद करून ठेवली आहे. तालुक्याच्या कोर्टाची गळकी इमारत आणि तिथला रिकामा पडलेला स्टेनोचा हुद्दा मात्र दत्तमतात येतात. त्यांची मागणी रस्ते, पाटबंधारे आणि अनुदानांच्या रांगेत उभी राहते. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर तू पुष्कळ व्याख्यानं ऐकशील. त्याची मर्यादा कुठे आहे, ते या दोन रकान्यांत दिसेल.

आता रतलामचा निकाल. तू तो वाचला असशील, पण बहुधा कलम २१ च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, नोट्समध्ये. १९८० चा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या न्यू रोडवरचे रहिवासी उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी यांना कंटाळून मॅजिस्ट्रेटकडे गेले, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. नगरपालिकेचा बचाव तोच, पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकला नाही. कायद्याने लादलेलं कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याचं सांगून टाळता येत नाही, हे तत्त्व तू पाठ केलं असशील. पुढचा भाग कुणी वाचत नाही. न्यायालयाने खर्चाच्या योजनाही तपासल्या. मोठ्या खर्चाची योजना बाजूला ठेवून सुमारे सहा लाख रुपयांत होणारी मान्य केली आणि तिला मुदत घालून दिली. त्या निकालाचा जीव मला या भागात दिसतो. न्यायाधीशाला नुसता हक्क सांगू नकोस, पूर्वगणनपत्रकही, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाजही, समोर ठेव. (ते कलम १३३ आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय. जुना क्रमांक डोक्यात राहू दे, जुने निकाल सगळे त्यावरच आहेत.)

हे काही मी नवं सांगत नाहीये. आपल्या गावाची ही जुनी खोड आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपयांचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे. म्हणणं असं की ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. पुढे मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा ओतायलाही त्यांचा विरोध होता. इमारत झाली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव मिळालं, आणि नंतर आपण तिलाच महात्मा फुले मंडई म्हणायला लागलो! त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. मला यातलं पटतं ते हे की समाजाबद्दलचा एवढा मोठा विचार करणारा माणूस हजार रुपयांच्या ठरावालाही क्षुल्लक समजला नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचंही तेच. १९०२ च्या मार्चमध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचा डौल मिरवत होतं. गोखल्यांनी दाखवून दिलं की दुष्काळाने पिचलेल्या देशात कर चढे ठेवून जमलेली शिल्लक हे सुबत्तेचं लक्षण होत नाही. अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस होता, आकड्यांना भीत नव्हता. तरी त्या भाषणाच्या तयारीत त्यांना मोठी मदत झाली ती हेडमास्तरकी केलेल्या गणेश व्यंकटेश जोशींची. (सार्वजनिक काका वेगळे, ते गणेश वासुदेव.) पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. सगळं श्रेय भाषणाला देणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या सभागृहात त्यांना अंदाजपत्रकावर मत देण्याचाही अधिकार नव्हता, तिथे त्यांनी हे केलं.

आता आपल्या महापालिकेकडे ये. महापालिका अधिनियमाचं कलम ६३ म्हणजे बंधनकारक कामं: पाणी, मैला, दिवाबत्ती, रस्ते. कलम ६६ म्हणजे ऐच्छिक कामं. अंदाजपत्रक हातात घेतलंस की पेन्सिलीने एवढंच कर, कुठली रक्कम ६३ मधली आणि कुठली ६६ मधली ते समासात लिही. मग ‘स’ यादी बघ, प्रभागातल्या छोट्या कामांची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गीकरण. पुण्याच्या पेपरात हा शब्द रोज वाचतेस, पण त्याच्याकडे कायद्याच्या नजरेने बघितलंयस का? मार्चमध्ये मुख्य सभा एका कामासाठी तरतूद मंजूर करते, आणि वर्षभरात ती दुसऱ्याच लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या दुसऱ्या खात्यावर, वळवली जाते. वळवायला नियम आहेत, मंजुरी लागते, सगळं कागदावर असतं. काही वेळा गरजही खरी असते, पावसाळ्यात पूल खचला तर पैसा कुठून तरी आणावाच लागतो. पण ड्रेनेजची रक्कम कमानीकडे आणि बाकड्यांकडे गेली असेल, तर ‘निधी नाही’ हे उत्तर खोटं ठरतं, आणि ते खोटं ठरवणारा कागद पालिकेचाच असतो.

यात एक घटनात्मक गाठही आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. त्यांनीच अंदाजपत्रक मांडलं, त्यांनीच स्थायी समिती म्हणून तपासलं आणि त्यांनीच मुख्य सभा म्हणून मंजूर केलं. बारा हजार कोटींच्या घरातलं अंदाजपत्रक! ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक असं स्पष्ट लिहिलेलं असताना हे घडलं. शहर बंद पडलं नाही, कचराही उचलला गेला. म्हणून कुणाला फारसं टोचलं नाही, आणि ते मला जास्त टोचतं.

पैसा ठेवला की न्याय झाला, असंही समजू नकोस. येरवड्यात असे कच्चे कैदी भेटतात ज्यांना जामीन मंजूर झालेला असतो, पण रक्कम भरायला घरचं कुणी नसतं. त्यांच्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना काढली. मूळ कार्यपद्धतीत जिल्हा समितीला एका कच्च्या कैद्यामागे चाळीस हजारांपर्यंत रक्कम मंजूर करता येत होती. म्हणजे कायदा आहे, तरतूद आहे. तरी समितीपुढे त्या माणसाचं नाव कुणीतरी न्यावं लागतं. ते तू करू शकतेस. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली. प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर नाव घालायला लाजू नकोस. फी थोडी आहे, शिकायला मात्र तिथे जितकं मिळतं तितकं मोठ्या चेंबरमध्ये मिळत नाही.

याच्या उलट, कधी पैशाआधी कायद्याचा प्रश्नच बदलावा लागतो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कारण कोर्ट खतावरचा अंगठा बघून हुकूमनामा देत होतं, अनेकदा एकतर्फी. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायला सांगितलं. पण तो हिशेब तपासायला वेळ असलेले न्यायाधीशही लागले. महादेव गोविंद रानडे त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. त्यांचा पगार शेवटी कुठल्या तरी लेखाशीर्षावरच पडत असणार.

तेव्हा महिनाभर एवढंच कर. तुझ्या प्रभागातलं एक काम निवड, ड्रेनेजचं असलं तर उत्तम. त्याची मूळ तरतूद, वर्गीकरण आणि प्रत्यक्ष खर्च, तिन्ही माग. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे ‘महोदय, सविनय’ वगैरे काढून टाक आणि लेखाशीर्षाचा क्रमांक पहिल्याच ओळीत घाल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्जाची पोच जपून ठेव. उत्तर आलं की शनिवारी दुपारी ऑफिसला घेऊन ये. ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, असं आलं तरी घेऊन ये.

तुझा,
सर