मूल्यांची कार्डे मांडण्याआधी

प्रिय,

तुझे पत्र आणि मुलांना आपली मूल्ये शोधायला मदत करणाऱ्या तुझ्या उपक्रमाचा सोबतचा आराखडा मी दोनदा वाचला. पहिल्या दिवशी मुलांसमोर मूल्यांची नावे लिहिलेली कार्डे मांडायची, प्रत्येकाने त्यांतील पाच निवडायची, ती रंगवून भिंतीवर लावायची आणि शेवटच्या दिवशी ‘आमच्या गटाची मूल्ये’ असा एक तक्ता तयार करायचा, अशी तुझी योजना आहे. योजना नीटनेटकी आहे, आणि मला काळजी वाटते ती तिच्या या नीटनेटकेपणाचीच.

मी हे काम सुरू केले तेव्हा माझाही पहिला तास असाच होता. जवळजवळ सगळ्यांनी ‘प्रामाणिकपणा’ निवडला आणि मी मनातून सुखावले. तास संपल्यावर खुर्च्या रचायला मागे थांबलेला एक मुलगा सहज म्हणाला, “तुम्हाला आवडेल तेच आम्ही लिहिलं.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आपण बाईंना मदतच केली, असा त्याचा भाव होता. तेरा ते सतरा या वयातील मुले मोठ्यांच्या चेहऱ्यावरून अपेक्षित उत्तर ओळखण्यात तरबेज झालेली असतात, हे मी त्या दिवशी शिकले.

कार्डे टाकून दे असे मी म्हणत नाही. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आयुष्याच्या ध्येयांशी संबंधित 18 आणि वागण्याच्या रीतीशी संबंधित 18, अशी 36 मूल्ये होती. परंतु त्यांनी लोकांना आवडीची मूल्ये वेचायला सांगितले नाही, तर प्रत्येक यादीतील सर्व मूल्यांचा क्रम लावायला सांगितले. फरक लहान वाटतो, पण सगळे काम तो फरकच करतो. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता ही दोन्ही कार्डे आपलीशी म्हणायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. त्यांतले एक दुसऱ्याच्या खाली ठेवताना मात्र हात थबकतो. तो थबकलेला हात तुला पाहायचा आहे. त्या क्षणी ‘का’ असे विचारू नकोस, कारण ‘का’ विचारले की मुले लगेच समर्थन रचू लागतात. ‘खालचे कार्ड ठेवताना तुला काय आठवले?’ असे विचार.

शब्द आणि वर्तन यांच्यातील अंतराविषयीही एक जुनी गोष्ट तुला ठाऊक असावी. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी 1928 ते 1930 या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो मुलांना लबाडी करण्याची संधी मिळेल अशा परिस्थितीत ठेवून त्यांचे वागणे नोंदवले होते. परीक्षेत प्रामाणिक राहणारे मूल खेळातही प्रामाणिक राहील, याची फारशी खात्री देता येत नाही, असे त्यांना आढळले. आणि काय योग्य हे सांगता येणे व तसे वागणे यांतील नातेही सैलच निघाले. यावरून मुले ढोंगी असतात असा अर्थ काढू नकोस. मूल्य हे प्रसंगागणिक जड किंवा हलके होते, आणि ते कुठे जड झाले हे शोधणे हाच आपला विषय आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, ‘तुला काय महत्त्वाचे वाटते?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्याऐवजी गेल्या काही आठवड्यांतील प्रसंग विचारावेत: कशासाठी तू आपण होऊन वेळ दिलास? कोणत्या गोष्टीचा तुला प्रमाणाबाहेर राग आला? कुठे गप्प राहिल्याचे नंतर डाचत राहिले? राग आणि लाज हे दोन फार विश्वासू वाटाडे आहेत, कारण ते सजवून आणता येत नाहीत. एखादी मुलगी सांगते की मैत्रिणीची नक्कल करून सगळे हसले आणि तीही हसली. तिला ‘न्याय’ किंवा ‘निष्ठा’ हे शब्द सुचोत वा न सुचोत, मूल्याला ती तिथे प्रत्यक्ष भिडलेली असते. शब्द मागाहून द्यावा, आणि तोही शक्यतो तिचाच असावा. अर्थात ‘मला आज बोलायचे नाही’ असे म्हणण्याची मुभा पहिल्याच मिनिटाला स्पष्टपणे द्यावी आणि ती कोणी वापरली तर चेहराही बदलू देऊ नये.

दुसरी गोष्ट संघर्षाची. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये दहा मूल्यप्रकार वर्तुळात मांडले: शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक, समोरासमोरची परस्परविरुद्ध दिशांना ओढणारी. परंपरा आणि सुरक्षितता एका बाजूला, तर स्वयंनिर्णय आणि नावीन्य जवळजवळ समोर. मुलांना हे चित्र दाखवले की पुष्कळांना हायसे वाटते, असा माझा अनुभव आहे. घरच्यांशी होणारा वाद हा आपल्या किंवा त्यांच्या वाईटपणामुळे नसून दोन चांगल्या गोष्टी एका जागी मावत नसल्यामुळे असू शकतो, हे त्यांना प्रथमच कोणीतरी सांगितलेले असते.

तू निवडलेल्या नैतिक पेचांच्या गोष्टींबाबत मात्र थोडी सावध राहा. पत्नीचा जीव वाचवण्यासाठी महागडे औषध चोरावे की नाही, हा मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांचा पेच तू घेतला आहेस. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये याच पेचाला अकरा वर्षांच्या एका मुलीने दिलेले उत्तर पुढे आणले. चोरी करावी की करू नये या चौकटीतच ती बसेना. नवऱ्याने औषधवाल्याशी पुन्हा बोलावे, पैसे उभे करण्याचा दुसरा मार्ग काढावा, असे ती म्हणत राहिली. नैतिक विकासाच्या कोलबर्ग यांच्या मोजमापात असे उत्तर कमी प्रतीचे ठरत होते. तुझ्या गटातही कोणीतरी प्रश्नच मोडून टाकील. त्याला ‘पण तसे करता येत नाही असे समज’ म्हणून परत चौकटीत ढकलू नकोस.

आता समुदायाविषयी, जिथे तुझा आराखडा सर्वांत पातळ आहे. ‘समाजाची मूल्ये’ या विषयासाठी तू एक व्याख्यान ठेवले आहेस. समुदाय हा बाहेर कुठेतरी असतो, असे त्यातून मुलांना वाटेल. खरे तर तुझ्यासमोर बसलेला गटच एक समुदाय आहे आणि त्याचे अलिखित नियम आहेत: इथे काय बोलल्यावर हसतात, कोणाचे बोलणे मध्येच तोडले तरी चालते, कोणती चूक लगेच माफ होते. ही यादी त्यांनाच करू दे. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा ती खरी असेल आणि थोडी झोंबेलही. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका वयस्कर व्यक्तीला एकच प्रश्न विचारावा: ‘लहानपणी तुम्ही पाळलेला, पण पुढच्या पिढीवर न लादलेला नियम कोणता, आणि तो का सोडलात?’ या प्रश्नामुळे परंपरा ही एकसंध शिळा नसून माणसांनी राखलेली, दुरुस्त केलेली आणि काही ठिकाणी मुद्दाम सोडून दिलेली गोष्ट आहे, हे व्याख्यानाविना कळते. एखादा नियम कोणाच्या सोयीचा होता आणि त्याचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न मग मुले स्वतःच काढतात.

कोण किती ‘पुढे’ गेले याचा हिशेब ठेवू नकोस. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये ‘मी कोण’ या ओळखीच्या घडणीकडे शोध (पर्याय तपासून पाहणे) आणि बांधिलकी (त्यांतले काही ठामपणे स्वीकारणे) या दोन अंगांनी पाहिले. फार ठामपणे बोलणारे मूल शोध न घेताच बांधलेले असू शकते, आणि गोंधळलेले मूल शोधाच्या ऐन मध्यावर असू शकते. मात्र घरची मूल्ये तपासून पुन्हा तीच स्वीकारणाऱ्या मुलाला कमी लेखू नकोस. बंड केले म्हणजेच विचार केला, असा आपल्या क्षेत्रातील काहींचा समज असतो आणि मला तो आळशीपणाचा वाटतो.

तुझा शेवटचा प्रश्न होता की, मार्गदर्शकाने स्वतःचे मत सांगावे का. विचारल्यावर सांगावे, थोडक्यात, आणि आपण ते कधी मोडले हेही सांगावे. पूर्ण तटस्थतेचे सोंग मुले ओळखतात. शिवाय एखाद्याला अपमानित करणे हाही ‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ मानायचा का, असा प्रसंग आला तर तुला तटस्थ राहता येणारच नाही, आणि राहूही नये. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील कलम 12 मुलांना आपले मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क देते. कलम 14 विचार आणि सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याबरोबरच पालकांच्या मार्गदर्शनाच्या अधिकाराचाही उल्लेख करते. पालकांना आधी भेटून आपण काय करणार आणि काय करणार नाही हे सांग. त्यांतले काही जण साशंक असतील. त्यांचा प्रश्न पूर्ण ऐकून घे.

व्याख्यानाचा तास काढून आराखडा पुन्हा लिहून पाठव. शेवटच्या दिवसाचा तक्ता ठेवायचा असेल तर ठेव, पण त्यात ज्यांवर एकमत झाले नाही अशा मूल्यांसाठी एक मोठी रिकामी जागा सोड, आणि ती भरल्यावर मला त्याविषयी कळव.

तुझी हितचिंतक