जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमध्ये डॉट ४ ऐवजी डॉट ५ दर्जाचं ब्रेक फ्लुइड (ब्रेक ऑइल) घालू का?

नको, डॉट ४च ठेवा. जास्त तापमान सोसणारं हवं असेल तर डॉट ५.१ घ्या, तेही डॉट ४सारखं ग्लायकॉलचंच असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ग्लायकॉलच्या डॉट ४मध्ये मिसळत नाही. त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पेडल मऊ लागतं. ते पाणीही शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेला ओलावा कॅलिपरच्या (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) तळाशी साचून तिथेच गंज धरतो. डॉट ४ मात्र ओलावा शोषतं: उकळण्याची किमान मर्यादा २३० अंश सेल्सिअसवरून १५५वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलाच. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर गाडीचा रंग उचलून येतो. गाडी फक्त प्रदर्शनाची, एबीएस (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली असेल आणि सील, होज, सिलिंडर सगळं नवं बसवत असाल, तरच डॉट ५ चालेल.