मन लागत नसताना प्रार्थना करावी का?

प्रश्न : मी रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचते व प्रार्थना करते. परंतु गेले काही महिने वचन मनाला भिडत नाही आणि प्रार्थनेचे शब्द केवळ ओठांवरच राहतात. हे लोक ओठांनी देवाचा सन्मान करतात, पण त्यांचे अंतःकरण दूर आहे, हे वचन आठवले की मला स्वतःचीच भीती वाटते. अशा स्थितीत प्रार्थना चालू ठेवणे हा ढोंगीपणा ठरेल का? आणि रोज किती अध्याय वाचावेत?

— एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, प्रार्थना मुळीच थांबवू नका.

ज्या वचनाने तुम्हांला भीती घातली आहे, ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 29व्या अध्यायातले असून मार्काच्या शुभवर्तमानातील 7व्या अध्यायात प्रभू येशूने ते परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी पंथ) व शास्त्री (नियमशास्त्राचे शिक्षक) यांना ऐकवले आहे. कोणत्या कारणाने ऐकवले, हे पाहिल्याशिवाय ते स्वतःला लावून घेऊ नये. आपल्या मालमत्तेला ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले दान, असे नाव देऊन आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी टाळण्याची मुभा देणारा संप्रदाय, म्हणजे वाडवडिलांची परंपरा, ते पाळत होते आणि त्यासाठी देवाची आज्ञा रद्द करत होते. दूर गेलेल्या अंतःकरणाची ओळख प्रभूने तेथे सांगितली ती ही : धर्माच्या आडून आपल्याच माणसांकडे पाठ फिरवणे. प्रार्थनेच्या वेळी मन भरून आले नाही, असा आरोप त्यांच्यावर नव्हता. ढोंगी लोक माणसांनी पाहावे म्हणून प्रार्थना करतात, असे मत्तयाच्या 6व्या अध्यायात म्हटले आहे. तुमची सकाळची प्रार्थना तर कोणीच पाहत नाही.

स्तोत्रकर्त्यांनीही ही अवस्था लपवलेली नाही. 13व्या स्तोत्रात ‘किती वेळ’ हा प्रश्न पहिल्या दोनच वचनांत चार वेळा येतो, तरी शेवट भरवशाच्या गीताने होतो. 88वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते, आणि तरीही ते आरंभापासून अखेरपर्यंत परमेश्वराशीच बोलत राहते. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवले गेले, याचा मला फार मोठा आधार वाटतो. म्हणून ‘प्रभू, आज माझे मन कोरडे आहे’ एवढेच म्हणता आले, तरी ती खरी प्रार्थना आहे. आपल्या मुलासाठी आलेल्या एका पित्याने विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात प्रभूपुढे मांडले, आणि प्रभूने त्या मुलाला बरे केले.

कधी कधी कारण साधा थकवा असतो. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया संदेष्टा झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. होरेब पर्वतावरील देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर. तेव्हा आपली झोप, प्रकृती आणि कामाचा भार यांचाही विचार करा, आणि उदासी दिवसभर पाठ सोडत नसेल तर डॉक्टरांना भेटण्यात विश्वासाची उणीव मानू नका.

एक गोष्ट मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. असे एखादे नाव तुम्हांला आठवत असेल, तर पुढचा अध्याय वाचण्यापूर्वी त्या व्यक्तीकडे जा. आठवत नसेल, तर नसलेला दोष शोधत बसू नका.

अध्यायांची संख्या पवित्र शास्त्राने कोठेच ठरवून दिलेली नाही. आज दिसणारी अध्यायांची विभागणीही 13व्या शतकातली आहे. सध्या एकच स्तोत्र घ्या, ते मोठ्याने व सावकाश वाचा, आणि त्यातल्या ज्या ओळीपाशी थांबावेसे वाटेल, ती ओळ तेथेच प्रभूला उद्देशून म्हणा.