मेम्ब्रेनचं मॉडेल, नळीतला घोळ

प्रश्न : मी मुंबईत एम.टेक. करते. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शुद्ध करायला ती प्रोटीन-ए लावलेल्या रेझिनच्या मण्यांवर चिकटवतात; त्या मण्यांच्या कॉलमचं गणिती मॉडेल माझ्याकडे तयार आहे. त्यातल्या कणांचा आकार अगदी बारीक केला, की तेच मेम्ब्रेनला, म्हणजे त्याच कामाच्या सच्छिद्र पडद्याला, चालेल ना?

उत्तर : आकडे मिळतील, पण त्यांना अर्थ नसेल. रेझिनचा मणी साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा. प्रतिपिंडाचा १५० किलोडाल्टनचा धिप्पाड रेणू त्याच्या चिंचोळ्या छिद्रांतून विसरणाने (आपोआप पसरत) रखडत आत जातो. म्हणून कॉलममध्ये द्रवाला चार-पाच मिनिटं रेंगाळू द्यावं लागतं. मेम्ब्रेनची छिद्रं मायक्रॉनच्या मापाची आणि आरपार असतात. तिथे वाहता द्रवच रेणूला लिगँडच्या (त्याला पकडणाऱ्या रेणूच्या) दाराशी नेऊन सोडतो, दहा-बारा सेकंदांत काम होतं. तेव्हा कणाच्या आतलं समीकरण सरळ खोडून टाका. वहन, थोडं अक्षीय विखुरणं (प्रवाहाच्या दिशेने पसरणं) आणि लँगम्यूरचं अधिशोषण (पृष्ठभागावर चिकटण्याचं साधं समीकरण) एवढं पुरतं. आयन-एक्स्चेंज (विद्युतभारावर प्रथिन पकडणारी) मेम्ब्रेन असेल, तर लँगम्यूरऐवजी क्षारांचा हिशेब ठेवणारं स्टेरिक मास ॲक्शन मॉडेल घ्या.

प्रश्न : एक मिलिलिटरच्या मॉड्यूलवर (कवचात बसवलेल्या मेम्ब्रेनवर) ब्रेकथ्रू वक्र, म्हणजे मेम्ब्रेन भरत आल्यावर प्रथिन बाहेर गळू लागतं त्याचे आलेख, घेतले. प्रवाह बदलला की अधिशोषणाचा वेग-स्थिरांकही बदलतो. असं का?

उत्तर : या प्रश्नाने माझेही काही महिने खाल्ले आहेत. मी त्या बदलत्या स्थिरांकासाठी एक छान सिद्धांतसुद्धा रचला होता. शेवटी निघालं काय, तर व्हॉल्व्हपासून यूव्ही डिटेक्टरपर्यंतची (अतिनील प्रकाशाने प्रथिन मोजणाऱ्या यंत्रापर्यंतची) नळी! लहान मॉड्यूलमध्ये मेम्ब्रेन एक मिलिलिटर आणि नळ्या, जोडण्या, कवचातली पोकळी मिळून त्याहून जास्त, असं सहज होतं. वक्र तिथेच पसरतो आणि आपण दोष मेम्ब्रेनला देतो.

आधी मॉड्यूल काढून, नळ्या थेट जोडून ॲसिटोनचा झोत सोडा. मग मॉड्यूल लावून पुन्हा सोडा. त्यानंतर न चिकटणारं प्रथिन वापरा : प्रोटीन-ए साठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) चालेल, आयन-एक्स्चेंजसाठी भरपूर मीठ घातलेलं तुमचंच प्रथिन. या वक्रांवरून बाहेरची पोकळी एक ढवळलेली टाकी आणि एक सरळ नळी अशी मांडा, ते आकडे गोठवा आणि मगच अधिशोषणाला हात घाला. ब्रेकथ्रू वक्र वेळेऐवजी ओतलेल्या आकारमानावर काढून पाहा. पोकळीचा वाटा वजा केल्यावर वेगवेगळ्या प्रवाहांचे वक्र एकावर एक बसले, तर वस्तुमान-वहनाचा अडथळा नाही. नाहीच बसले, तर छिद्रांच्या भिंतींवर पॉलिमरचा जाड थर असलेली मेम्ब्रेन आहे का ते बघा. त्या थरात थोडं विसरण उरतं.

मोठ्या कॅप्सूलला (मोठ्या आकाराच्या मॉड्यूलला) मात्र हे पोकळीचे आकडे लावू नका. तिथे द्रवाची वाट वेगळी असते, काही भागांत तो लवकर पोचतो, काहींत उशिरा. कवचाचे असे विभाग पाडून प्रत्येकाला आपापली टाकी देणारं झोनल रेट मॉडेल त्यासाठीच आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात पायलट प्लँट आखतोय. सलग चालवायला किती मेम्ब्रेन लागतील?

उत्तर : कागदावर गणित करू. समजा मेम्ब्रेन एक लिटरची, ३० ग्रॅम प्रतिपिंड धरणारी. द्रावणात लिटरमागे ३ ग्रॅम. म्हणजे एका भरणीला १० लिटर. मिनिटाला ५ लिटर सोडले, तर भरणी २ मिनिटांत संपते. धुणं, सोडवणं, स्वच्छता, पुन्हा बफर यांना ६ मिनिटं धरली, तर ओघ न थांबवता चालवायला चार मेम्ब्रेन हव्यात. पण भरणी सावकाश, ६ मिनिटांत केली, तर दोनच पुरतात. पर्फ्यूजन रिॲक्टरमधून (पेशी वाढवत ठेवून द्रव सतत काढणाऱ्या टाकीतून) द्रव सावकाशच येत असेल, तर मी डोळे झाकून दोन घेईन.

पहिलीतून गळलेलं दुसरीत झेलायची कॉलमवाली युक्ती इथे फारशी कमाई देत नाही, कारण मेम्ब्रेनचा ब्रेकथ्रू मुळातच उभा असतो. खरी जोखीम व्हॉल्व्हच्या वेळेत आहे. ५ लिटरच्या प्रवाहात तो ५ सेकंद उशिरा फिरला, तर ४०० मिलिलिटरहून जास्त द्रव भलत्याच भांड्यात. म्हणून सिम्युलेशनमध्ये व्हॉल्व्हचा उशीरही घाला, आणि लागोपाठची दोन आवर्तनं तंतोतंत जुळेपर्यंत ते चालवा. पहिल्या आवर्तनावरून काही ठरवू नका.

प्रश्न : मेम्ब्रेनची क्षमता घसरत जाते, ती मॉडेलमध्ये कशी आणायची?

उत्तर : दोन मेम्ब्रेन, १२ मिनिटांचं आवर्तन, म्हणजे प्रत्येकीची दिवसाला १२० आवर्तनं. क्षमता स्थिर धरणं परवडत नाही. कमाल क्षमता हे आवर्तनांच्या संख्येचं उतरतं फलन धरा आणि चालू प्लँटमधल्या यूव्ही नोंदींवरून ते सुधारत राहा. न चिकटणारी अशुद्धीही यूव्ही शोषते, तेव्हा तिची पातळी आधी वजा करा.

प्रश्न : महागडं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल का?

उत्तर : नाही. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात घडलेलं कॅडेट हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. टाक्या, नळ्या, मेम्ब्रेन त्यात एकमेकांना जोडता येतात.